तो थांबला होता

सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेत मला बोलावलं आहे. हेडमास्तर घरी येऊन गेले. ‘आण्णा, पोरांना पुलावरची गोष्ट सांगा. हेर कसा धरलात ते.’ मी चहाचा कप तसाच बशीत ठेवला. सुनेला वाटलं, चहा बिघडला.

एकाहत्तरच्या लढाईत मी सरहद्द पाहिलीच नाही. साताऱ्याकडच्या आमच्या गावात घराआड एक फौजी. कुणी पूर्वेला, कुणी पश्चिमेला लढत होता. मला मात्र मिरजेजवळ, कृष्णेवरच्या रेल्वेपुलावर पहाऱ्याला ठेवलं होतं. घरी पत्र लिहिताना मी ठिकाण लिहायचं टाळायचो.

लढाई दूर होती, पण भीती जवळ होती. कुणी म्हणे विमानातून छत्रीने माणसं उतरली, कुणी म्हणे पलीकडचा पूल उडवणार होते. आमचा हवालदार सांगली भागातलाच. तो रोज ऐकवायचा, ‘गड्या, पूल गेला तर तू बी त्याच्यासंगं जा. वर येऊन मला तोंड दावू नगंस.’ बाकीचे हसायचे. मला जेवण जायचं नाही. रुळावरची खडी जरा सरकली तरी मी बंदूक रोखायचो.

एका सकाळी नदीवर दाट धुकं होतं. पावलं वाजली आणि पुलाच्या टोकाशी एक माणूस दिसला. छातीशी पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी मोठं, गोल. खांद्याला पिशवी, तिच्यातून तारेचं वेटोळं बाहेर आलेलं.

‘थांब!’ मी ओरडलो. माझाच आवाज चिरकला.

तो थांबला. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

‘साहेब, भोपळा हाय. तंबोऱ्याचा,’ तो म्हणाला. शब्द कानांवर पडले, पण डोक्यात शिरले नाहीत.

‘हात वर!’

त्याने हात वर केले नाहीत. आधी तो वाकला आणि ते ओझं दोन्ही हातांनी हळूहळू खडीवर टेकवू लागला. एवढ्या जपून माणूस फक्त बॉम्ब ठेवत असेल, असं मला वाटलं. मी धावलो आणि बंदुकीचा दस्ता त्याच्या उजव्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज झाला. भोपळा फुटला नाही.

तो मिरजेतला तंबोरे करणारा कारागीर निघाला. पलीकडच्या एका गावात भजनी मंडळाच्या तंबोऱ्याला तारा बसवून, तिथल्या मळ्यातला वाळवलेला भोपळा घेऊन तो परतत होता. वाळका भोपळा पडला की तडकतो, आणि मग तो तंबोऱ्याच्या कामाचा राहत नाही. म्हणून ही माणसं तो असाच ठेवतात. समोर बंदूक असली तरी.

हवालदाराने माझ्यापुढे कागद सरकवला. ‘लिही, थांबला न्हाई, पळाया लागला. न्हाईतर तूच आत जाशील.’ मी लिहिलं आणि सही केली. कारागिराला चौकशीसाठी काही दिवस ठेवलं, मग सोडलं.

गावी आलो तेव्हा मी हेर धरल्याची गोष्ट माझ्याआधी पोचली होती. आईने ओवाळलं. लोक विचारत तेव्हा सुरुवातीला मी गप्प बसायचो. पुढे मान हलवू लागलो. शेवटी स्वतःच सांगू लागलो, आणि माझ्या तोंडी भोपळ्याचा बॉम्ब झाला.

हेडमास्तर येऊन गेल्यावर दोन दिवसांनी मी एसटीने मिरजेला गेलो. वाद्यांच्या गल्लीत, पुलावर हात मोडलेल्या कारागिराचं विचारत विचारत एका दुकानाशी पोचलो. पंचावन्न-साठीचा एक माणूस भोपळा घासत बसला होता. तो त्या कारागिराचा मुलगा.

‘मी पुलावरचा शिपाई,’ मी म्हणालो. तो मारेल असं वाटलं, तरी उभाच राहिलो.

त्याने हातातलं काम थांबवलं. ‘अब्बा गेले. नऊ वर्षं झाली.’

‘हात?’

‘वाकडाच जुळला. जवारी जमली नाही परत.’ जवारी म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर मोकळा करायचा. सगळ्यात नाजूक काम. ‘पुढं नुसते भोपळे घासले त्यांनी. ते म्हणायचे, मी थांबलो होतो बेटा. मी म्हणायचो, मग फौजी कागदावर खोटं लिहितील काय?’

आतून एक म्हातारी भिंत धरत आली. त्याची आई. ‘कोण आलंय?’

‘अम्मी, पुलावरचे.’

ती दोन पावलं पुढे आली. ‘थांबले होते न्हवं ते?’

‘थांबले होते.’

‘मला ठावं हाय. ह्याला सांगा.’

मी मुलाकडे वळून तेच पुन्हा म्हणालो. तो माझ्याकडे बघेना. भोपळ्यावरचा भुसा झटकत त्याने विचारलं, ‘आणखी कुणाला सांगणार?’

मी शाळेचं सांगितलं.

‘मी येऊ ऐकायला?’

मी हो म्हणालो.

हेडमास्तरांना अजून काही कळवलेलं नाही. पोरांपुढे उभा राहिलो की जुनीच गोष्ट तोंडात येईल, याची मला धास्ती आहे. इतकी वर्षं ती सांगून जिभेला तीच सवय झाली आहे. म्हणून हे लिहून काढलं. हे कागद मी कार्यक्रमाआधी त्या कारागिराच्या मुलाच्या हातात देणार आहे. मी अडखळलो, तर त्याने उठून वाचावेत.