पाटावरचं वजन

अकरावीला मी हिंगोलीत मामाकडे राहायला आले. नरसीच्या पुढं आडबाजूला आमचं गाव. तिथून रोजचं कॉलेज जमण्यासारखं नव्हतं. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. मामाने जागा दिली नसती तर मी पदवीधर झालेच नसते. पण उपकाराच्या घरात माणूस दबकून राहतं. मामीने दुसरी भाकरी वाढताना तोंड कसं केलं, हे मी रोज बघायचे. अंगाने भरलेली होते, म्हणून जरा जास्तच बघायचे.

मामेबहीण माझ्याहून वर्षाने लहान आणि काडीसारखी. जिना चढली तरी दम लागून बसायची. डॉक्टरांनी सांगितलं, हिला हालचाल पाहिजे. मैदानावर जायला ती तयार नव्हती, म्हणून मामाने पुण्याच्या मित्राकडून टीव्हीला जोडायचा एक जुना खेळ आणला. त्यासोबत जेवायच्या पाटाएवढा एक पांढरा पाट होता. गाण्याच्या ठेक्यावर त्याच्यावर चढायचं आणि उतरायचं. आधी मात्र तो पाट आपलं वजन करायचा आणि त्याप्रमाणे पडद्यावर आपली बाहुली दाखवायचा. बहीण उभी राहिली तेव्हा पडद्यावरची बाहुली सडपातळच राहिली. मी उभी राहिले आणि बाहुली फुगली.

"अगं बया, बराबर ओळखलं की हिला!" मामी हसून हसून खालीच बसली.

माझा त्या पाटावर विश्वास बसेना. दुसऱ्याच्या काट्यावर विश्वास ठेवायची आमच्या घरी रीतच नाही. हळद विकायला मोंढ्याच्या बाजारात न्यायच्या आधी वडील प्रत्येक पोतं घरी तोलतात, आणि तिथं व्यापाऱ्याच्या काट्याजवळून हलत नाहीत. घरात कोणी नसताना मी गावाहून आलेली हळकुंडांची दहा किलोची पिशवी उचलली आणि पाटावर चढले. आकडा बरोबर दहाने वाढला. काटा खरा होता. मला त्याचं वाईटच वाटलं.

आम्ही रोज संध्याकाळी खेळू लागलो. शेवटी पडद्यावर कॅलरीचा आकडा येई. गाणं तेच, चढणं-उतरणं तेवढंच, पण माझा आकडा नेहमी मोठा. बहीण घामाघूम व्हायची, तरी मागेच. एके दिवशी ती रडायलाच लागली.

"ताई, तू काय करतीस गं? कुठलं बटन दाबतीस?"

"मी कशालाच हात लावत न्हाई."

"मग काहून तुझंच जास्त येतं?"

त्या दिवसापासून मामी दारात उभी राहून माझ्या पायांकडे बघू लागली. दोन-चार दिवसांनी मी ताटावर बसले असताना आतल्या खोलीतून तिचा आवाज आला. ती मामाला म्हणत होती, "जिच्यासाठी आणलं तिचं कमी, आन पाहुणीचं जास्त? पोरगी कायतरी लबाडी करून राहिली. आज खेळात केली, उद्या घरात करंल. तिच्या बापाला फोन लावा. म्हणावं, होस्टेल बघा."

होस्टेल वडिलांना झेपणारं नव्हतं. मामाचा फोन गेला असता, तर दुसऱ्याच दिवशी ते मला न्यायला आले असते. ताटावर बसल्या बसल्याच मला आठवलं, पिशवी घेऊन पाटावर चढताना माझे गुडघे कसे कुरकुरले होते.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्याबरोबर मी तीच पिशवी ओढणीने बहिणीच्या पाठीला बांधली.

"काय करतीस? मी काय गाढव हाय का?"

"एक गाणं. मग तुला काय म्हणायचं ते म्हण."

ती पाटावर उभी राहिली. बाहुली थोडी फुगली. गाणं अर्धं होईपर्यंत तिचा चेहरा लालबुंद झाला. शेवटी तर ती भिंतीला धरून उभी होती. आकडा मात्र तिच्या रोजच्यापेक्षा चांगलाच वर गेला होता. ते यंत्र नुसतं वजनावरून हिशेब मांडतं, हे मला पुढं कळलं. पण तिची धाप काही हिशेबाची नव्हती, खरी होती.

"ताई," ती म्हणाली, "तू रोज एवढं घेऊन चढतीस?"

"ह्याच्याहून जास्त."

तेवढ्यात मामी आत आली. "हे काय चाललंय गं?"

"आई, तू घे ही पाठीवर. घे तर खरं. मग बोल ताईला."

मामीने पिशवी सोडवली, हातात तोलून पाहिली, आणि बराच वेळ खाली ठेवलीच नाही. माझ्याकडे बघितलं, पाटाकडे बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलेल.

"हळकुंडं सांडली असती म्हणजे?" ती म्हणाली. मग जाता जाता, "मामाला सांगते, फोन राहू द्या म्हणून. पण खेळायचं ते माझ्यासमोर. दोघींनीबी."

मी बारावी त्याच घरातून झाले. मामीचा संशय पुरता गेला की नाही, सांगता येत नाही. मी मात्र दार लोटून कधी खेळले नाही. दार सताड उघडं ठेवायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला माझे पाय दिसावेत, आणि वजन दिसलं तरी दिसो.