सुनंदाच्या दंडावरचा चट्टा

गिरणीत डबा नंबरला लावला की पिठाआधी बातम्या घरी येतात. बोरीतल्या आमच्या आळीचे असले किस्से माझ्याकडे इतके साठलेत की त्यांना वेगळा डबा लागेल. हे सगळे एकाच आठवड्यातले.

मंगळवारी पलीकडे दोघी बोलत होत्या, "अंगावर पांढरा चट्टा हाय म्हनं. आन् रविवारी पावणं..." तेवढ्यात गिरणी सुरू झाली! पुढचं पट्ट्याच्या आवाजात गेलं.

आळीत रविवारी पाहुणे एकाच घरी येणार होते. शेजारच्या शांताकाकूंच्या सुनंदाला बघायला, पारगावहून. मी लगेच जाऊन सांगितलं. बघते तर तिच्या दंडावर खरंच रुपयाएवढा फिका डाग! काकूंनी तो ओल्या पदरानं घासून बघितला. दोन स्थळं आधीच परत गेलेली.

*

आरोग्य उपकेंद्रातल्या रूथ सिस्टर ख्रिश्चन. मी विचारायला गेले, तर त्यांनी आधी बायबल काढलं. अशा डागाला हिब्रूत 'त्साराअत' म्हणायचे. लोक त्याला महारोग समजतात, पण तो शब्द कपड्यावरच्या, भिंतीवरच्या डागालाही चालायचा. सात दिवस बंद ठेवायचं, मग पुन्हा बघायचं.

"डॉक्टर बघायचा?"

"नाही वहिनी, पुजारी."

"आन् औषध?"

"औषध नाही. नुसतं बघायचा."

"मंग मी येगळं काय करते?"

*

घरी आले तर स्वयंपाकघराच्या भिंतीला हिरवट ओल. ह्यांना म्हटलं, "पुस्तकाप्रमाणं घर सात दिवस बंद ठेवाय लागंल."

"ठेवू की! तसंबी तू घरात असतीस कुठं?"

*

गुरुवारी सिस्टर कोंबडीचं पीस घेऊन आल्या. कुष्ठरोगाच्या सर्व्हेत बघतात तसं, डागावर स्पर्श कळतो का ते बघणार होत्या.

"डोळे मीट. लागलं तिथं बोट ठेव."

सुनंदानं तीनदा बरोबर बोट ठेवलं. "महारोग नाही, साधं शिबं आहे," सिस्टर म्हणाल्या. "मलम देते, जाईल."

तरी काकू रडायलाच लागल्या. "पर रविवारपातूर जाईल का?"

मी लांब बाहीचा ब्लाऊज सुचवला.

"भर मे महिन्यात? तुमीच घाला, वहिनी!" सुनंदा म्हणाली. पीस मात्र तिनं फळीवर जपून ठेवलं.

*

रविवारी पोहे करायला मी होतेच. पाहुणे बसले. मुलगा साखर कारखान्यात फिटर, बरोबर त्याची आई. सुनंदानं बशा ठेवल्या आणि दंड पुढं केला.

"हे शिबं हाय. सिस्टरनी तपासलंय. मागनं कुणी म्हनू नका, सांगितलं न्हाई."

काकूंच्या हातातला तांब्या तिथंच थांबला. मुलाच्या आईनं मुलाकडं बघितलं. त्यानं घड्याळाचा रुंद पट्टा सोडला. मनगटावर पांढराशुभ्र चट्टा, सुनंदाच्याहून मोठा!

"मीबी सांगनारच व्हतो," तो म्हणाला. "आमच्या गावात सगळ्यांना म्हाईत हाय."

म्हणजे गिरणीतला चट्टा खरा, रविवार खरा, पाहुणेही खरे. फक्त अंग दुसऱ्याचं!

सुनंदा उठली, फळीवरचं पीस घेऊन आली आणि त्याच्यासमोर बसली.

"डोळे मिटा."

त्यानं मिटले.

"लागलं तिथं बोट ठेवा."

त्यानं ठेवलं. बरोबर.

"आई," ती मागं न बघता म्हणाली, "चहा टाक."