मामाचा छत्तिसावा फोटो

फुकट मिळालेली वस्तू काटकसरीने वापरणारा माणूस उभ्या जगात मी एकच पाहिला आहे, आणि तो माझा मामा आहे. गेल्या उन्हाळ्यात तो आमच्याकडे बेलव्ह्यूला महिनाभर राहून गेला. खिशात मी घेऊन दिलेला नवा कोरा फोन, तळ्यापलीकडे सिॲटलसारखं डोंगर-पाण्याने भरलेलं शहर, आणि या बहाद्दराने महिनाभरात फोटो किती काढावेत? छत्तीस. पस्तीस नाही, सदतीस नाही. कराडला त्याचा चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ होता आणि त्यातली बरीचशी वर्षं कॅमेऱ्यात रोल घालण्यात गेली. एका रोलमध्ये फोटो छत्तीस. रोलचे दिवस सरून जमाना झाला, पण मामाच्या डोक्यातला रोल काही निघाला नाही. माझी अकरा वर्षांची मुलगी कपाळाला हात लावून सांगायची, "मामाआजोबा, इट्स डिजिटल! यू कॅन टेक अ थाउजंड!" त्यावर मामा शांतपणे म्हणायचा, "बाळा, हजार काढले तर ते बघायचे कुणी?"

बघणारं माणूस खरं तर ठरलेलं होतं, ते म्हणजे माझी आई. डॉक्टरांनी तिला लांबच्या विमानप्रवासाची साफ मनाई केली आहे आणि मलाही चार वर्षांत कराडला जाणं जमलं नव्हतं. म्हणून तिने धाकट्या भावाला पाठवलं. निघताना बजावलं, "शहरं मला टीव्हीवर दिसतात. माझा मुलगा कसा आहे तेवढं बघून ये." आणि नेमकी इथेच माझी पंचाईत होती. मामा यायच्या पाच आठवडे आधी माझी नोकरी गेली होती. एका सकाळी ईमेल आली आणि आमची अख्खी टीम घरी बसली. आईच्या काळजाला धक्का नको म्हणून तिला काही कळवलं नव्हतं. माझ्या अभिमानालाही धक्का नको होता, पण ते मी स्वतःलाही सांगत नव्हतो. मामाला सांगितलं, "सध्या वर्क फ्रॉम होम आहे." आणि दुसऱ्या दिवसापासून रोज त्याला घेऊन सिॲटल हिंडायला लागलो. घरून काम करणारा माणूस घरी कधीच नसतो, हे मामाच्या लक्षात येणार नाही असं मला वाटत होतं, यावरून माझ्या तेव्हाच्या अकलेची कल्पना यावी.

मामाचा दुसरा नियम असा, की फोटोत माणूस पाहिजे. माणूस नसलेला फोटो त्याच्या मते वाया गेला. त्यामुळे जिथे जाऊ तिथे तो मला उभं करायचा. सिॲटलच्या त्या प्रसिद्ध उंच टॉवरसमोर त्याने मला असं उभं केलं, की फोटोत मी डोक्यापासून बुटापर्यंत आलो आणि टॉवरच्या वाट्याला जेमतेम तीन पाय आले. मी म्हणालो, "मामा, टॉवरचं डोकं उडालं की!" तर म्हणाला, "टॉवर कुठे जातोय? त्याचे फोटो इथे दुकानादुकानात विकायला आहेत. तुझा आहे का एक तरी?" बरं, फोटो चटकन काढील तर शपथ. आधी तो उन्हाकडे बघणार, मग माझी कॉलर नीट करणार, मला अर्धं पाऊल डावीकडे सरकवणार, हनुवटी बोटाने खाली करणार. मागे रांगेत पर्यटक ताटकळलेले. क्लिक झालं, की "सातवा गेला," असं मोठ्याने जाहीर करायचं आणि फोन रुमालात गुंडाळून ठेवायचा. त्यात मी दर वेळी हसायचो. आईला मुलगा आनंदात दिसायला हवा होता ना! मामा म्हणायचा, "दात नकोत." मी आणखी दात दाखवायचो.

बंदराजवळच्या बाजारात मासेवाले भलेमोठे मासे एकमेकांकडे फेकतात, ते बघायला ही गर्दी लोटते. सगळे जण उडत्या माशाचे व्हिडिओ काढत होते. मामाला ते काही पटेना. तो सरळ पुढे गेला आणि एका दाढीवाल्या, सहा फुटी मासेवाल्याला म्हणाला, "यू स्टँड. फिश स्टँड. चिन डाऊन. नो टीथ." मला वाटलं, आता मासा आमच्या अंगावर येतो. पण तो धिप्पाड गडी मासा छातीशी धरून, लग्नाच्या फोटोतला नवरदेव उभा राहावा तसा उभा राहिला! फोटो बघून त्याने मामाचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "सर, मी माझ्या बापासारखा दिसतोय." मामाला ते मी मराठीत सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "दात झाकले की माणसाचं घराणं दिसतं."

इथला बर्फाचा डोंगर ढगांत दडलेला असतो. निघाला, की लोक एकमेकांना बातमी सांगतात. दहा दिवस मामाने त्याची वाट पाहिली. अकराव्या दिवशी आम्ही बसमध्ये असताना तो अचानक लख्ख दिसला आणि सगळी बस त्या बाजूला झुकली. मामाने फोन काढला आणि फोटो घेतला तो समोरच्या सीटवर बसून डोंगराकडे बघणाऱ्या एका म्हातारबाईंचा, त्यांना रीतसर विचारून. मी कपाळावर हात मारला. "अरे मामा, दहा दिवस थांबलास कशासाठी?" त्याने फोटो मोठा करून दाखवला. बाईंच्या चष्म्याच्या काचेत एवढुसा डोंगर होता.

मग एक दिवस म्हणाला, "तुझं ऑफिस दाखव. ताईने मुद्दाम सांगितलंय." नाही कसं म्हणणार? नेलं. भर दुपारी, लखलखीत उन्हात, काचेच्या त्या इमारतीसमोर मी उभा राहिलो. माझ्या कार्डाने तिचं दार आता उघडत नव्हतं. मी कमरेवर हात ठेवून तोंडभर हसलो. मामाने फोन वर केला, बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि फोन खाली घेतला.

"काय झालं?"

"उजेड नाही," मामा म्हणाला. घरी येईपर्यंत तो दुसऱ्याच गप्पा मारत होता.

जायचा दिवस आला तेव्हा पस्तीस फोटो झाले होते. शेवटचा फोटो राखून ठेवण्यामागेही एक कथा आहे. आईच्या लग्नात हौसेने नवा कॅमेरा घेतलेल्या पोरसवदा मामाने सगळा रोल बँडवाल्यांवर उडवला आणि पाठवणीच्या वेळी रोल संपला. आई अजून टोमणा मारते, "माझ्या लग्नात माझ्यापेक्षा क्लॅरिनेटवाला जास्त दिसतो." तेव्हापासून मामा कुठल्याही रोलचा शेवटचा फोटो निरोपासाठी ठेवतो.

विमानतळाच्या दारात गाडी फार वेळ उभी करू देत नाहीत. बॅगा उतरवल्या. तिथली गार्डबाई हात हलवत होती, "सर, मूव्ह द कार!" मामा तिला म्हणाला, "मॅडम, वन मिनिट. लास्ट फोटो," आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "आता हसू नकोस. हा ताईसाठी आहे." त्याने माझी कॉलर नीट केली. हनुवटीला हात लावला नाही. मी हसलो नाही. हसणं जमलंही नसतं. गार्डबाईने हात खाली घेतला. क्लिक झालं, पण छत्तिसावा गेला असं मामा काही म्हणाला नाही. पाठीवर हात ठेवून आत निघून गेला.

आठवड्याभराने आईचा फोन आला. मामाने फोटो छापून तिला अल्बम करून दिला होता.

"जिथे तिथे दात काढून उभा आहेस," आई म्हणाली. "लहानपणी कुणाची काच फोडून आलास की असाच हसायचास. छत्तिसाव्यात तेवढा माझा मुलगा दिसतोय. काय झालंय रे बाळा?"

मी सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "बरं झालं बोललास. जेवतोस ना वेळेवर?" कितीतरी आठवड्यांनी त्या रात्री मला शांत झोप लागली. नोकरी पुढे दुसरी लागली, जरा लहान कंपनीत. ते ठीकच आहे. मामाचे माझ्यावरचे उपकार नोकरीपेक्षा मोठे आहेत. महिनाभर सगळं कळून त्याने मला एकदाही विचारलं नाही, आणि आईपाशी चुगलीही केली नाही. मीच सांगावं एवढी सोय तेवढी करून गेला.

परवा तो अल्बम आईने व्हिडिओ कॉलवर पानापानाने दाखवला. मी आहे, मासेवाला आहे, चष्म्यातला डोंगर आहे. मामा कुठेच नाही. महिनाभर माझ्या खिशातही फोन होता, हजार फोटो मावणारा, आणि चाळीस वर्षं कॅमेऱ्यामागे उभ्या राहिलेल्या त्या माणसाला एकदा समोर उभं करावं, हे मला सुचलं नाही. डिसेंबरात कराडला जातोय. पहिला फोटो त्याचा काढणार आहे, कॉलर नीट करून, आणि त्याला मी हसू देणार आहे.