दोघांत एकच बंदूक

मुलीला तेराव्या वर्षी हरणाच्या शिकारीला जायची परवानगी नवऱ्याने मला न विचारता देऊन टाकली. शेजाऱ्याची मुलगी तिची जिवलग मैत्रीण, आणि शेजारी दर नोव्हेंबरात शिकारीला जायचा. कॅनडात, ग्वेल्फमध्ये घर घेतल्यापासून तो माणूस माझ्या डोक्यात जात होता.

"अगं, कायद्याने बारा पूर्ण लागतात. तिने शिकारीचा कोर्सही पास केलाय," नवरा म्हणाला.

"कायदा तिची आई आहे का?"

त्यानंतर आम्ही फक्त ग्रोसरीपुरतं बोललो.

कोर्समधले नियम मुलीने जेवताना ऐकवले होते. शिकाऊ मुलांनी परवानाधारक मोठ्या माणसासोबतच जायचं. दोघांत बंदूक एकच. त्याने क्षणभरही बाजूला व्हायचं नाही. आणि अंगावर, डोक्यावर भडक नारिंगी.

शिकारीच्या दिवशी मी गाडी काढून त्यांच्या मागोमाग गेले, पण वाटेत मागे पडले. गावाबाहेर एका शेतापाशी शेजाऱ्याचा ट्रक उभा होता. तो आत कॉफी पीत बसलेला, त्याची मुलगी मागच्या सीटवर झोपलेली.

"माझी मुलगी कुठे आहे?"

त्याने झाडीकडे बोट दाखवलं. "तिकडे. तिचा नेम माझ्यापेक्षा चांगला आहे. रिलॅक्स."

"एकटी? बंदूक घेऊन?"

उत्तराची वाट न बघता मी झाडीत शिरले. तो मागून ओरडत राहिला. फांद्या बाजूला सारत पुढे गेले, तर समोर ती. बंदुकीची नळी जमिनीकडे, बोट चापापासून लांब, चेहरा पांढराफटक.

"ममा, यू आर वेअरिंग ब्राउन!"

माझा कोट थेट हरणाच्या रंगाचा होता. झाडीत काहीतरी तपकिरी सरकताना तिने पाहिलं होतं. पण अख्खं जनावर दिसल्याशिवाय नळी रोखायची नाही, हे तिच्या अंगी भिनलेलं. तिने बंदुकीतली काडतुसं काढली.

शेजारी धापा टाकत पोचला. "वेड लागलंय तुम्हाला? असा कोट घालून शिकारीत शिरता? गोळी लागली असती!"

"तू तिच्याजवळ असतास तर मला शिरावंच लागलं नसतं."

घरी येऊन मी वन्यजीव खात्याला फोन लावला.

"रोज तोंड बघायचंय त्यांचं," नवरा म्हणाला.

"मला नाही बघायचं."

अधिकारी आला, शेजाऱ्याला दंड झाला. त्या हिवाळ्यात त्याचं स्नोब्लोअर रोज सगळा बर्फ आमच्या ड्राइव्हवेवर उडवायचं. मी तो शोव्हल करून त्याच्याच दारात टाकायचे. मुली एकाच बसस्टॉपवर पाठी फिरवून उभ्या राहायच्या.

"यू रुइन्ड इट," मुलगी एकदाच म्हणाली, आणि बेसमेंटमध्ये निघून गेली.

पुढच्या वर्षी कोर्स घेणाऱ्या बाईंबरोबर ती पुन्हा शिकारीला गेली. काही मिळालं का, ते तिने मला सांगितलं नाही.