शोनागचा दगड

शेजारच्या शोनागचं छप्पर गळायचं, आणि तुळई घ्यायला तिच्याकडे पैसे नव्हते. एका वादळानंतर किनाऱ्यावर तिला तुळई सापडली. भरती पोचणार नाही अशा जागी ओढून तिने वर दगड ठेवला. आमच्या बेटावर दगड ठेवणाऱ्याचीच ती वस्तू.

तेवढ्यात बेटाचे मालक मेजर हॅल्डेन आले. गावच्या समितीच्या निवडणुकीला ते उभे होते.

"माझ्या धक्क्याची तुळई आहे ही!"

"मग उचला की दगड, साहेब," शोनाग म्हणाली. सगळं गाव बघत होतं.

मी मागून म्हटलं, "जपून हं मेजर, आमच्या मतांचं वजन आहे त्यात!"

मेजर टोपी सावरत परत गेले.

शोनागला जाऊन वर्षं झाली. छप्पर मात्र अजून गळत नाही. तिने दाराशी आणून ठेवलेला तो दगडही अजून तिथेच आहे. येताजाता मी त्याला हटकून रामराम करतो.