हात केला की थांबायचं

माझे वडील कडूबा हिवराळे, आमचे अण्णा. वाटूर फाटा ते जालना या रस्त्यावर त्यांनी उभी हयात काळी-पिवळी जीप चालवली, आणि एवढ्या हयातीत ते एकदाही सलग जालन्याला पोहोचले नाहीत. रस्त्यात कुणी हात केला की अण्णांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. गाडीत तीळ ठेवायला जागा नसली तरी ते मागं वळून म्हणायचे, "सरका जरा, अजून एक बसल." आणि तो एक खरंच बसायचा, कसा ते मला आजवर कळलेलं नाही.

माझं लग्न परतूरला होतं. नवरीची गाडी म्हणून अण्णांनी जीप धुऊन पुसून तिला झेंडूच्या माळा बांधल्या. आज तरी कुठं थांबू नका, असं आईनं त्यांना तीनतीनदा बजावलं होतं. पण फाटा ओलांडला न ओलांडला तोच एका म्हातारीनं हात केला. म्हातारीसोबत शेळी होती. पांढरी साडी सावरत मी त्या शेळीशेजारी बसून माझ्या स्वतःच्या लग्नाला गेले. शेळीनं मांडीवरचा हार निम्मा खाल्ला. तिकडं बौद्धाचार्य, नवरदेव आणि अख्खं वऱ्हाड उन्हात ताटकळलेलं. मी इतकी चिडले होते की पाठवणीच्या वेळी मला रडूसुद्धा आलं नाही. आई मात्र दोघींच्या वाटणीचं रडली.

खरी गंमत अशी, की अण्णांनाही एक हौस होती. संध्याकाळी बोअरच्या पाण्यानं जीप धुताना ते नेहमी म्हणायचे, एकदा गाडी मोकळी सोडायची, मधे कुठंच थांबायचं नाही. आई चुलीपासून म्हणायची, तुमच्याच्यानं ते व्हायचं न्हाई. तिचं म्हणणं खोटं ठरवायची संधी त्यांना कधी मिळालीच नाही. गेल्या साली जीपचं आयुष्य सरकारी हिशेबानं संपलं आणि ती भंगारात गेली. गाडी नेली त्या दिवशी अण्णा अंगणातल्या तेलाच्या डागांकडं बघत बसले होते. आता त्यांच्या लायसनची मुदतही दिवाळीला संपत होती, आणि ते पुन्हा काढायचं नाही असं आईनं ठरवून टाकलं होतं. आमच्या घरात तिच्यापुढं कुणाचं चालत नाही.

माझा धाकटा भाऊ बुद्धभूषण चेन्नईला नोकरी करतो. त्याला अण्णांची ती हौस ठाऊक होती. तिकडं शर्यतीत गाडी चालवायला शिकवणारी एक शाळा आहे. रेसच्या ट्रॅकवर तिचे सरावाचे दिवस असतात, लायसन असेल आणि तब्येत धड असेल तर कुणालाही जाता येतं. भूषणनं अण्णांचं नाव घातलं. सांभाळायला म्हणून मी सोबत गेले. अंगात तो चेन लावलेला पोशाख, डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटमधून बाहेर आलेल्या पांढऱ्या मिशा, असे अण्णा समोर उभे राहिले तेव्हा मला हसू आवरेना. ते मात्र गंभीर होते.

शिकवणारे सर तमिळ वळणाची हिंदी बोलायचे आणि अण्णा जालन्याची, पण दोघांचं छान जमलं. सरांनी पहिल्याच तासाला नियम सांगितला. ट्रॅकवर थांबायचं नाही, मागून दुसऱ्या गाड्या वेगात येत असतात. काही बिघाड झालाच तर गाडी बाजूच्या गवतात घ्यायची. जो सगळे दिवस नीट चालवील त्याला शेवटी एकट्यानं फेऱ्या मारायला मिळतील, शेजारी सर नसतील. अण्णांना तेवढंच हवं होतं.

शिकायच्या गाड्या रस्त्यावरच्यासारख्या साध्याच होत्या. पहिल्याच फेरीत, सर शेजारी बसलेले असताना, घोळ झाला. दुसऱ्या वळणावर नारिंगी कपड्यांतला एक माणूस झेंडे घेऊन उभा होता. त्यानं पलीकडच्या आपल्या जोडीदाराला खूण करायला हात वर केला. अण्णांनी शिस्तीत डावा इंडिकेटर दिला, गाडी कडेला उभी केली, काच खाली घेतली आणि विचारलं, "कुठं जायाचं?"

मागच्या दोन गाड्या कशाबशा वाचल्या. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. पुन्हा असं झालं तर एकट्यानं चालवणं विसरा, असं त्यांनी साफ सांगितलं, आणि त्यांचं काहीच चुकलं नाही. अण्णा खाली मान घालून एवढंच म्हणाले, "हात करून राह्यला व्हता ना तो."

संध्याकाळी भूषणच्या खोलीवर आम्ही सराव घेतला. अण्णांना खुर्चीवर बसवलं, स्टेअरिंग म्हणून हातात स्टीलचं ताट दिलं. भूषण समोर उभा राहून हात वर करायचा, आणि मी जमिनीवर बसून अण्णांच्या उजव्या पायावर नजर ठेवायची. पाय दरवेळी हलला. शेवटी मी वैतागून तो दोन्ही हातांनी दाबून धरला, तरी अंगठा हललाच. आम्ही तिघंही पोट धरून हसलो. पण अण्णा जेवले मात्र अर्धीच पोळी.

शेवटच्या दिवशी ते एकटे ट्रॅकवर गेले. भूषण आणि मी कठड्याला टेकून बघत होतो. अण्णांची गाडी सगळ्यांच्या मागं होती, तरी त्यांना इतक्या वेगात मी जन्मात पाहिलं नव्हतं. आधीच्या फेऱ्या बिनघोर गेल्या. शेवटच्या फेरीत ते दुसऱ्या वळणाशी आले आणि त्या नारिंगी माणसाचा हात वर गेला. मी भूषणचा दंड घट्ट धरला. अण्णांच्या गाडीचे मागचे लाल दिवे लागले.

मग ते विझले. गाडी पुढं निघून गेली.

सरांनी टाळ्या वाजवल्या, बाकीच्या शिकाऊ मंडळींनीही वाजवल्या. अण्णांनी हेल्मेट काढलं तेव्हा त्यांचे केस घामानं चिकटले होते आणि चेहरा उतरला होता. मी विचारलं, कसं वाटलं, आता तरी हौस फिटली ना?

"लय भारी वाटलं," ते म्हणाले. मग हेल्मेट माझ्या हातात देत म्हणाले, "पण गाडी रिकामीच व्हती, भावना. इतकं जल्दी जाऊन मी कोणालाच कुठं पोचवलं न्हाई."

मला एकदम ती म्हातारी आठवली, शेळीचं दावं गच्च धरलेला तिचा हात आठवला. परतूरला उतरताना तिनं नवरीच्या, म्हणजे माझ्या, तोंडावरून हात फिरवला होता आणि मी रागानं मान वळवली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाठवणीचं राहिलेलं रडू मी तिथं ट्रॅकवर रडले.

आम्ही भूषणच्या गाडीतून निघालो. अण्णा पुढं बसले होते, मी मागं एकटी पाय पसरून. फाटकाबाहेर, मोठ्या रस्त्याच्या कडेला, तोच झेंडेवाला माणूस उभा होता. आता अंगात साधा शर्ट होता आणि हातात जेवणाचा डबा. त्यानं एका बसला हात केला. बस न थांबता गेली. भूषणचं लक्ष आरशात होतं, तोही तसाच पुढं गेला असता. पण शेजारी अण्णांचा उजवा पाय, समोर ब्रेक नसतानाही, खाली दाबला गेला होता.

"भूषण, थांबव," अण्णा म्हणाले.

गाडी थांबली. अण्णांनी काच खाली घेतली आणि विचारलं, "कुठं जायाचं?" त्याला मराठी कळायचं कारण नव्हतं, पण प्रश्न कळला. त्यानं पुढं बोट दाखवलं, मग अण्णांना ओळखलं आणि हसायला लागला.

मागच्या सीटवर तिघं ऐसपैस बसतील एवढी जागा होती. तरी अण्णांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा फुलला होता.

"सरक जरा," ते म्हणाले, "अजून एक बसल."

मी पार खिडकीपर्यंत सरकले.