बॉनेटवरची विभूती

शिवाजी पेठेत मिरची कांडायचा डंक चालवणाऱ्या शिवपुत्रचं कुणाशीच पटत नसे. पण नवी गाडी येण्याआधी त्याची भांडणं निदान माणसांशी असत. गाडी आल्यावर त्यांत कबुतरं, बदामाचं झाड आणि दुपारचं ऊन यांचीही भर पडली.

गाडी काळी, आरशासारखी. "काळ्यावर बारीक ओरखडासुद्धा दिसतो हो," असं शोरूमवाला म्हणाला, तर यानं त्यालाच दम भरला, "दिसंल तवा दिसंल! पडू कोण देतोय?"

गाडीवर महागडं कोटिंग चढलं. धुवायला वेगळा शाम्पू आला, मऊ फडकी आली. "लगीन झाल्यापास्नं माझ्यासाठी येवढं मऊ कापड न्हाय आणलं कधी," बायको शिवलीला म्हणाली, तर हा तिच्यावरच खेकसला. घराच्या दारावर ठळक अक्षरांत पाटी लागली : गाडीला टेकू नये. धुळीवर नाव लिहू नये. कोरडं फडकं मारू नये. या कोरड्या फडक्यावर त्याचा विशेष राग. धूळ म्हणजे वाळू, वाळूवर कोरडं फडकं म्हणजे पॉलिशपेपर, हे व्याख्यान त्यानं पेठेत प्रत्येकाला ओरडून ऐकवलं होतं. आपल्याच तालमीची टीम फुटबॉलची मॅच जिंकून आली, तेव्हा गुलाल उधळणाऱ्या पोरांवर यानं पाण्याचा पाइप धरला. आपल्याच माणसांवर! त्या दिवसापासून पेठ त्याच्याशी बोलायची ती टोमण्यापुरतीच.

त्यातून पेठेतली सगळ्यात जास्त धूळ याच्याच डंकातून उडायची. एसटीतून निवृत्त झालेले समोरचे बाबासो कट्ट्यावर बसून हाक मारत, "शिवपुत्रा, तुझी गाडी शिंकाय लागलीया बघ!"

"तुमी तुमचं नाक सांभाळा काका. माझ्या गाडीकडं बघायचं काम न्हाय."

"बघितल्यानं रंग उडतोय व्हय?"

"तुमच्या नजरंचा भरवसा न्हाय!"

या सगळ्या पहाऱ्यामागं एक जुनी जखम होती. संकेश्वरचा मामेभाऊ राजशेखर यानं भर जत्रेत शिवपुत्रच्या जुन्या टेंपोला हसत म्हटलं होतं, "ह्यात मिरच्या बसवाव्यात, माणसं न्हाईत." म्हणून यंदाच्या जत्रेला काळी कुळकुळीत, ओरखडा नसलेली गाडी राजशेखरच्या दारात उभी करायची आणि पुढच्या सीटवरून अव्वाला, म्हणजे आपल्या आईला, मल्लव्वाला, उतरवायचं, एवढाच त्याचा ध्यास होता.

अडचण अव्वाचीच होती. गाडीची पूजा शिवपुत्रनं केली होती, पण कशी? नारळ पलीकडच्या गटारीच्या कडेला फोडला, हार आरशाला अडकवला आणि हळदकुंकू रंगाला नको म्हणून नंबरप्लेटला लावलं. मल्लव्वा भडकली होती. "नंबराला कुंकू लावतोस? मग उद्या माझं कपाळ सोड आनि आधारकार्डाला इभूत लाव! बिनइभूतीच्या गाडीत मी बसायची न्हाय."

"मग एसटीनं जा!"

"जाते की. आनि राजशेखरला सांगते, लेकानं पाठवलंय म्हणून."

जत्रेच्या दिवशी सकाळी गाडी उन्हात चमकत उभी होती. शिवपुत्र डंक बंद करून, खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर येतो, तर अव्वा इरकल नेसून बॉनेटपाशी उभी. ओल्या विभूतीत तीन बोटं बुडवून तिनं आपल्या कपाळावर ओढावेत तसे तीन ऐसपैस पट्टे बॉनेटवर ओढले.

"अव्वाऽऽ!"

शिवपुत्र झेपावला. तापल्या पत्र्यावर विभूती एव्हाना वाळलीही होती. त्यानं खांद्यावरचा टॉवेल ओढला, तीन बोटांखाली दाबला आणि एकेका पट्ट्यावर इकडून तिकडं, तिकडून इकडं, दात खाऊन घासला. टॉवेल डंकातला. त्यात सकाळपासूनचं खडेमीठ आणि मिरचीची भरड.

विभूती गेली. तिच्या जागी काळ्या रंगात तीन पांढुरके पट्टे उमटले, बारीक ओरखड्यांचे, स्पष्ट.

बाबासो कट्ट्यावरून उठले आणि शाळेतल्या पोरासारखे पाटी मोठ्यानं वाचू लागले, "कोरडं. फडकं. मारू नये."

शेजारच्या माडीवरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"थोबाड बंद करा!" शिवपुत्र किंचाळला, पण आवाजात नेहमीची मिरची नव्हती.

मल्लव्वानं चष्मा लावला, वाकून पाहिलं, पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "झ्याक बसलीया. आता पावसानंबी जात न्हाय." दार उघडून ती पुढच्या सीटवर बसली आणि हॉर्न दाबला. "चल की! का एसटी बघू?"

संकेश्वरपर्यंत शिवपुत्रनं वाटेतल्या प्रत्येक दुचाकीला शिव्या घातल्या. अव्वा खुशीत खारे शेंगदाणे खात होती.

राजशेखर दारात आला. गाडीभोवती एक फेरी मारून तो बॉनेटपाशी थबकला. शिवपुत्रनं मूठ आवळली. आता हा हसला, की याचं नाक फोडायचं, असं ठरलंच.

राजशेखरनं चप्पल काढली, हात जोडले आणि एक तळवा पट्ट्यांवर टेकवला. "कायमचीच काढून घेतलीस व्हय रे? आमच्याकडं निस्तं स्टिकर मिळत्यात. कुठं करून देत्यात हे?"

शिवपुत्रनं अव्वाकडं पाहिलं. ती साडीवरची सालपटं झटकत होती, त्याच्याच नव्या सीटवर.

"कोल्हापुरात," तो गुरगुरला. "पर कुणालाबी जमत न्हाय. आनि हात काढ आधी! कोरडा हाय."